आधी कुत्री मोजा, मग इको

ताई, इकोच्या डिक्कीत करून घ्यायच्या कपाटाचं तुम्ही पाठवलेलं चित्र सुबक आहे. पट्टी धरून काढलंय हे दिसतं. खाली १४ इंच उंचीचे दोन मोठे ड्रॉवर, त्यावर गादी, गादीवर बाळ्या आणि ठकी ही तुमची कुत्री, दोन्ही अंगांना उभी कपाटं आणि आंब्याच्या पेट्यांसाठी सरकता ट्रे. गाडी मारुतीची पाच सीटांची पेट्रोलची इको व्हॅन, महिन्यातून एकदा कोल्हापूर ते रत्नागिरीजवळचं गाव, आंबा घाटातून जाणं-येणं. बाळ्या लॅब्राडॉर, सात वर्षांचा, ३२ किलोचा. ठकी गावठी, १६ किलोची. प्रश्न तुमचा एवढाच की १८ एमएम प्लाय घ्यावा की १२, आणि ड्रॉवरला कुठला चॅनल लावावा.

प्लायचं सांगतो, पण त्याआधी हे चित्र बाजूला ठेवा. त्यात सामानाची जागा आधी ठरली आणि उरलेल्या जागेत कुत्री बसवली गेली. गाड्यांना आतून कपाटं करून द्यायचं काम मी वीसेक वर्षं करतोय. इलेक्ट्रिशियनच्या व्हॅन, केटरिंगवाल्यांच्या, जनावरांच्या डॉक्टरांच्या. त्यातली पहिली काही वर्षं मीही असंच करत होतो. काम उलट बाजूनं धरायचं असतं. पिशवी दाबली की चेपते, बाटली आडवी होते, ताडपत्री कुठेही कोंबता येते. कुत्र्याला तसं कोंबता येत नाही. म्हणून गाडीतली सरळ, चौकोनी, जमिनीलगतची जागा कुत्र्यांची, आणि वेड्यावाकड्या सांदीकोपऱ्यांत सामान.

तुमच्याच आकड्यांवर बघू. बाळ्याची उंची डोक्यापर्यंत २८ इंच लिहिली आहे. १४ इंचांचा ड्रॉवर आणि २ इंचांची गादी धरली की त्याला डिक्कीच्या जमिनीपासून ४४ इंच लागतात. आत टेप लावून बघा. अस्तरापासून वायरिंगपर्यंत सगळं वजा केल्यावर त्याला मान ताठ करता येईल असं मला वाटत नाही. दुसरं, त्याला एरवी डिक्कीत चढायला जेवढी उडी लागते त्यात आणखी सोळा इंच वाढतात. लॅब्राडॉर जातीत खुब्याचं दुखणं बऱ्याचदा निघतं. आज तो उडी मारेल. दोन वर्षांनी तुम्ही ३२ किलो उचलून वर ठेवाल, तेही पावसात, साखरप्याला रस्त्याकडेला. तिसरं वजन. आठ बाय चारची १८ एमएम शीट साधारण ३७ ते ४० किलो भरते. तुमच्या चित्राला दोन शीट लागतील, म्हणजे ७५ किलो. जास्तीचे दोन लॅब्राडॉर, आणि एकही शेपूट हलवणार नाही.

कुत्र्यांची मापं नीट घेऊ. विमानातून कुत्रा पाठवताना पिंजऱ्याचं जे गणित लावतात ते सोपं आहे: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्धं, ही झाली आतली लांबी. खांद्यापाशी अंगाची रुंदी गुणिले दोन, ही रुंदी. उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानांच्या टोकापर्यंत, ही उंची. तुम्ही दिलेल्या मापांवरून बाळ्याची लांबी ३३, कोपर १२, म्हणजे ३९ इंच. खांदे १० इंच, म्हणजे रुंदी २०. ठकीचे खांदे ७, म्हणजे १४. दोघांची मिळून ३४.

आता गाडी. डिक्कीची रुंदी ४२ लिहिली आहे. ती खिडकीपाशी घेतली की खाली चाकांच्या कमानींच्या मधली? मला कमानींच्या मधली हवी आहे, कारण तिथेच ती सगळ्यात कमी असते. ४२ ही तीच आहे असं तूर्त धरतो. लांबी तळाशी ३८ दिली आहे, पण मागच्या सीटची पाठ मागे रेललेली असते. त्यामुळे तळाशी ३८ असलेली लांबी पाठीच्या माथ्यापाशी ३३च्या आसपास येते. माथ्यापासून खाली ओळंबा सोडा म्हणजे दिसेल. हा फरक बहुतेकजण विसरतात, चौकोनी खोकं करून आणतात आणि मग ते मागच्या दरवाजाला टेकतं.

म्हणजे कुत्र्यांना ४२ बाय ३३ मिळते आणि लागते ३९ बाय ३४. इंचभर इकडे-तिकडे चालेल. दोघं गाडीला आडवी झोपणार, दरवाजाच्या समांतर. याहून मोठी जागा देण्याची हौस करू नका. विमानातला पिंजरा तासन्‌तास स्थिर असतो, गाडीतला नसतो. जागा जेवढी ऐसपैस तेवढा वळणावर कुत्रा घरंगळतो, आणि करकचून ब्रेक लागला की तेवढा वेग घेऊन आदळतो. उभं राहता यावं, वळता यावं, अंग पसरून झोपता यावं, एवढीच जागा बेताची.

मधलं पार्टिशन मी तुमच्यासाठी करणार नाही. दोघं घरी एका पोत्यावर झोपतात असं तुम्हीच लिहिलंय. ठकी माजावर आली किंवा कुणी आजारी असेल तर त्या दिवशी एकालाच न्या. मात्र आत हाड, बिस्किट, काही टाकायचं नाही. घरी न भांडणारी कुत्री अरुंद जागेत खाण्यावरून भांडतात, आणि तुम्ही तेव्हा घाटात असता.

पुढची जाळी म्हणजे सीट आणि कुत्री यांच्या मधली भिंत. इथे कुणाचंही ऐकून काटकसर करू नका. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशाला तरी धडकून थांबली, तर आतला मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा वेग म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याचा. ३२ किलोचा बाळ्या १० सेंटिमीटरच्या अंतरात थांबला तर त्या भिंतीवर जवळपास तीन टनांचा जोर येतो. हे साधं शाळेतलं गणित आहे, करून बघा. केबल टायने बांधलेली जाळी, प्लायमध्ये पिळलेले स्क्रू, बाजारातली हेडरेस्टला अडकवायची कापडी जाळी, यातलं काहीही तिथे टिकणार नाही. कापडी जाळी कुत्र्याला पुढच्या सीटवर येऊ देत नाही एवढंच तिचं काम.

म्हणून सांगाडा लोखंडी हवा. एक इंची स्क्वेअर पाइप, १६ गेज. वर-खाली चौकटी, चार खांब, पुढच्या भिंतीला दोन जास्तीचे उभे दांडे आणि एक आडवा. सगळं मिळून साधारण ४३ फूट पाइप लागतो, म्हणजे वीस फुटी दोन नळ्या आणि तिसरीचा तुकडा, वजन १५-१६ किलो. सांगाड्याची उंची आतून ३० इंच ठेवू. वरूनही जाळी.

जाळीबद्दल माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका व्हॅनला मी एक्स्पांडेड जाळी लावली होती, ती फाडून ताणलेल्या पत्र्याची हिऱ्याच्या आकाराची असते ती. दिसायला छान, हलकी, स्वस्त. तिच्या कडा ब्लेडसारख्या असतात हे ग्राइंडर मारताना लक्षात यायला हवं होतं. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं. कुत्र्याने पंजा मारला होता आणि पायाच्या आतल्या अंगाला जे वरचं सुटं नख असतं ते जाळीत अडकून मुळातून उखडलं होतं. तेव्हापासून एक बाय एक इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून केलेली चौकोनी जाळी, १० गेज, आणि कापलेलं प्रत्येक टोक पाइपाच्या आड. वेल्डिंग झाल्यावर मी डोळे मिटून आतून सगळीकडे तळहात फिरवतो. जिथे हात अडखळतो तिथे परत कानस. खालची आठ इंच भिंत जाळीची न ठेवता पत्र्याची करा; पाय, शेपटी आणि केस तिथेच जातात.

हा सांगाडा गाडीला कसा धरवायचा? डिक्कीचं अस्तर उचलून बघा. जमिनीत कारखान्यातूनच बसवलेले नट सापडले तर उत्तम, त्याच आट्याचे ८.८ ग्रेडचे बोल्ट घाला. सीटबेल्टचे बोल्ट मात्र कुणालाही सोडू देऊ नका, ते त्यांच्याच कामासाठी आहेत. तयार नट नसतील तर चार ठिकाणी भोकं पाडावी लागतील आणि जमिनीच्या खालून तीन बाय तीन इंचांची, तीन एमएम जाडीची पट्टी प्रत्येक बोल्टला घालावी लागेल. नुसत्या वॉशरवर भागवलं तर पत्रा फाटून वॉशर वर येतो. भोक पाडण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खाली काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग. अंदाजाने ड्रिल चालवणारा कारागीर असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने सैल न होणारे. भोकाच्या कडांना आधी प्रायमर, मग सीलंट, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज धरेल.

सीट काढायची कल्पना तुमच्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेली दिसली. ती सोडून द्या. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्यातलाच तपशील. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघाताच्या वेळी विमा कंपनीही याच कागदावर बोट ठेवते. म्हणून मी जे सुचवतोय ते चार बोल्ट सोडले की अर्ध्या तासात बाहेर येईल असं आहे. पासिंगच्या दिवशी काढून ठेवा.

आता सामान. सीटची पाठ रेललेली आणि आपली भिंत उभी, त्यामुळे दोघांच्या मध्ये तळाशी पाच इंच रुंद आणि वर निमुळती होत जाणारी एक त्रिकोणी पोकळी तयार होते, डिक्कीच्या पूर्ण रुंदीभर. तिच्यात पाच लिटरचे चपटे पाण्याचे कॅन, टोइंगचा पट्टा, गुंडाळलेली ताडपत्री, औजारांची कापडी गुंडाळी उभी बसते. भरलेलं पाणी जड, आणि इथे ते खाली व मागच्या चाकांच्या पुढे राहतं. मागच्या धुऱ्याच्या पलीकडे, दरवाजालगत वजन लादलं की गाडीचं नाक हलकं होतं. ओल्या घाटात ते स्टिअरिंगला कळतं.

दोन्ही बाजूंना चाकांच्या कमानींच्या पुढे-मागे खोलगट जागा उरतात. तिथे १२ एमएम प्लायची झाकणाची खोकी करा. डाव्या खोक्यात कुत्र्यांचं: खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, वाट्या, पट्टे, जुने टॉवेल, गोचीड काढायचा चिमटा, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं. उजव्या खोक्यात गाडीचं. खोक्यांची झाकणं पिंजऱ्याच्या माथ्याच्या वर निघू देऊ नका, म्हणजे आरशातून मागची काच दिसत राहील. पिंजऱ्याच्या माथ्यावर चार-पाच किलोपर्यंत हलकं सामान, अंथरूण-पांघरूण, जाळीने आवळून. त्याहून जड काही वर नाही.

ड्रॉवर लावायचाच असेल तर तो एकच, आणि चार इंचांचा, त्रिकोणी पोकळीच्या शेजारी सीटखाली जागा निघाली तर. टेलिस्कोपिक चॅनल वीस इंची, ४५ किलो क्षमतेचे मिळतात. पण ती क्षमता स्वयंपाकघरातली आहे. घाटात चढावर ड्रॉवर आपोआप उघडतो, म्हणून चॅनलच्या भरवशावर न राहता बाहेरून कडी हवीच.

पेट्या. पाच डझनांची भरलेली पेटी १५ ते १७ किलोची होते. दहा पेट्या म्हणजे दीडशे किलोच्या वर, त्यात तुम्ही दोघं, कुत्री ४८ किलो, सांगाडा, पाणी. मागच्या सीटच्या पायाशी आणि सीटवर पट्ट्याने आवळून चार-पाच पेट्या सुखाने येतील. पेट्या जमिनीलगत, सीटला चिकटून, वर काही न रचता. बाकीच्या पार्सलने पाठवा, किंवा एक खेप कुत्र्यांशिवाय करा. हे ऐकायला आवडणार नाही ठाऊक आहे. पण दहा पेट्या आणि दोन कुत्री एका इकोत आणणारा माणूस कुठेतरी लबाडी करतो, आणि ती कायम कुत्र्यांच्या जागेतून करतो.

तळाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती मी माझ्याच कुत्रीवर शिकलो. माझी चंपी, आणि एक जुनी व्हॅन. पिंजऱ्याचा तळ मी पत्र्याचा केला होता, धुवायला सोपा म्हणून, वर पातळ रबरी मॅट. साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलो की चंपी उभी राहायची, एक पाय उचलायची, मग दुसरा. मला वाटायचं वळणांना घाबरते. तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी वर आंब्याला चहाला थांबलो, मॅट सरकली होती म्हणून नीट करायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. तवा. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा गंजून कधीच गळून पडला होता, आणि चढावर लो गिअरमध्ये सायलेन्सर तापला की त्याची सगळी धग माझ्या त्या चकचकीत पत्र्यात यायची. तीन खेपा मी तिला "बस गं, बस" म्हणून ओरडत होतो.

तेव्हा आधी रॅम्पवर गाडी चढवाल तेव्हाच सायलेन्सरच्या वरचा पत्रा जागेवर आहे का ते बघा. मग तळ असा: जमिनीपासून पाऊण इंच अंतर सुटेल असे रबरी गुटके, त्यावर १२ एमएम प्लाय, प्लायच्या खालच्या अंगाला १० एमएमची एक्सएलपीई फोमची शीट, चंदेरी बाजू खाली. ही शीट एसीच्या डक्टला लावतात, फॅब्रिकेशनच्या बाजारात सहज मिळते. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर हेच: १२ एमएम पुरे, पण बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा, आयएस ७१०चा शिक्का असलेला. एवढ्या मापाचा तुकडा साडेसात किलो होईल. पाणी प्लायच्या पृष्ठभागातून शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरतं. म्हणून चारही कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सीचे दोन हात. कुत्र्याचं मूत एकदा कडेतून मुरलं की तो वास गाडी विकली तरी जात नाही.

वर कार्पेट नको. केस, वाळू, ओल सगळं धरून ठेवतं, आणि कोकणातून परतताना पायांना ओली रेती असतेच. बसच्या जमिनीला घालतात ते खरखरीत विनाइल लावा, कडा तीन बाजूंनी दोन इंच वर वळवून, म्हणजे ट्रेसारखं होईल आणि सांडलेलं खाली झिरपणार नाही. त्यावर गोठ्यात गाईंसाठी टाकतात त्या रबरी मॅटचा कापलेला तुकडा. ती अख्खी मॅट फार जड असते, पण एवढा तुकडा चालेल, आणि तिची पकड अशी असते की वळणावर कुत्रा जागचा हलत नाही. नखांना पकड मिळाली की निम्मी उलटी तिथेच थांबते. उरलेली निम्मी उपाशीपोटी थांबते. निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी चालू.

हवा. इकोत एसीच्या जाळ्या पुढे, आणि कुत्री सगळ्यात मागे. तुम्हाला पुढे गारठा वाटतो तेव्हा मागे काय आहे हे कळत नाही. दीडदोनशे रुपयांचा वायरचा डिजिटल थर्मामीटर मिळतो, माशांच्या टाकीला लावतात तो. त्याचं टोक पिंजऱ्यात कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला, आकडा डॅशबोर्डवर. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात ३८.३ ते ३९.२ असतं, ४१च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतो आणि थंड होतो. मे महिन्यातल्या रत्नागिरीच्या दमट हवेत ते पाणी उडतच नाही. त्यामुळे कोरड्या हवेत जो आकडा चालतो तो तिथे चालत नाही. मी स्वतः थर्मामीटरवर २८ दिसलं की कुत्र्यांचं काहीतरी करायला लागतो.

पुढच्या भिंतीच्या खालच्या भागात १२० एमएमचे दोन पंखे बसवा, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले, १२ व्होल्टचे. गार हवा खाली बसते, ती पंख्यांनी आत ओढायची आणि गरम हवा वरच्या जाळीतून निघून जाते. एक पंखा पाव अँपिअरच्या आसपास घेतो, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर निवांत चालतो. वायरला फ्यूज, आणि पिंजऱ्याच्या बाजूची वायर लोखंडी नळीतून. नुसत्या प्लास्टिकच्या नळीतली वायर ठकी साखरप्यापर्यंत चघळून टाकेल.

आणि मागचा दरवाजा फटभर उघडा ठेवून, दोरीने बांधून गाडी चालवायची नाही. बरेचजण हवा यावी म्हणून करतात. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि धुराड्यातून निघणारा धूर त्या फटीतून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नसलेला, आणि तो सगळ्यात आधी मागच्यांना लागतो.

थांबलेल्या गाडीत कुत्री ठेवायची नाहीत, दहा मिनिटंही. उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात साधारण २२ अंश वाढ होते आणि त्यातली ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच होते, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं होतं. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. काळी फिल्म हा उपाय नाही, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंद केली. पहाटे पाचला निघा, मलकापूरला पाणी दाखवा, ऊन चढायच्या आत घाट उतरून जा.

दरवाजे दोन. मागून एक, दोन झडपांचा, गाडीच्या दरवाजाच्या आत. गाडीचा दरवाजा उघडला की कुत्रा थेट हायवेवर उतरता कामा नये, म्हणून ही आतली झडप, आणि ती उघडायच्या आधी "थांब" म्हटलं की थांबायची सवय. दुसरा पुढच्या भिंतीत, १६ बाय १८ इंचांची खिडकी, सीटच्या बाजूने उघडणारे दोन टॉवर बोल्ट लावून. मागून कुणी धडक दिली तर मागचा दरवाजा अडकून बसतो, आणि मग हाच एक रस्ता राहतो. बाळ्याचे खांदे यातून जातात का ते पुठ्ठ्यात भोक पाडून आधी बघा. कुलूप कशालाच नको. आत असताना गळ्यातला पट्टा काढायचा, साखळीने तर मुळीच बांधायचं नाही. पट्टा जाळीत अडकून फास बसतो.

रंगाचं थोडक्यात. तुम्ही समुद्राकाठी जाता, खारी हवा उघड्या लोखंडाला महिन्याभरात धरते. पावडर कोटिंग करून घ्या, पाइपाची उघडी तोंडं वेल्डिंगने बंद करून मगच. स्क्रू स्टेनलेसचे, ३०४चे. घरीच ऑइल पेंट मारणार असाल तर कुत्री आत बसवायच्या आधी किमान आठवडाभर दरवाजे उघडे ठेवून वास जाऊ द्या. आपल्याला वास येईनासा झाला तरी त्यांना येत असतो. आवाजाचंही तसंच. दोन पत्रे एकमेकांना घासून जो बारीक खडखडाट होतो तो आपण रेडिओत विसरतो, कुत्रा विसरत नाही. जिथे लोखंड लोखंडाला किंवा प्लायला टेकतं तिथे रबरी बीडिंग किंवा फेल्टची पट्टी हवीच.

तुमची पेट्रोलची आहे म्हणून सिलिंडरचा विषय निघाला नाही. पुढे कधी सीएनजी बसवलीत तर हे सगळं गणित मोडेल, कारण टाकी नेमकी डिक्कीत येते. तिचा व्हॉल्व्ह हाताला लागला पाहिजे, दर तीन वर्षांच्या चाचणीची पाटी वाचता आली पाहिजे, आणि तिच्याभोवती बंद खोकं करता येत नाही. तेव्हा मला आधी विचारा.

पाइप कापायच्या आधी फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ४२ बाय ३३ बाय ३० असा साचा करा, तो डिक्कीत बसवा, दरवाजा लावून बघा. मग तोच घरात पडवीत ठेवा आणि आठवडाभर दोघांना त्यात जेवायला घाला. बाळ्या त्यात वळून झोपला तर माप बरोबर. तो उभाच राहिला किंवा मागच्या मागे बाहेर आला तर दोन इंच कुठून तरी शोधावे लागतील, आणि ते लोखंडापेक्षा पुठ्ठ्यात शोधलेले बरे. बसवून झाल्यावर पहिली फेरी गावातल्या गावात पंधरा-वीस किलोमीटरची, परत आल्यावर चारही बोल्ट पान्याने पुन्हा आवळायचे. एखादा तरी पाव आटा फिरतोच.

मला तीन गोष्टी परत पाठवा: कमानींच्या मधली रुंदी दोन ठिकाणी, सीटच्या पाठीच्या माथ्यापासून मागच्या दरवाजाच्या आतल्या अस्तरापर्यंतची लांबी दरवाजा लावलेला असताना, आणि अस्तर उचलून जमिनीचा फोटो. इंच-सुतात मोजा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सेंटिमीटरमध्ये नको. माझा वेल्डर सुतावर कापतो.